पापणी न लवणारे पाहुणे

या सदरांतून इतरांच्या घरांतील चालीरीतींविषयीं आम्ही आजवर निःसंकोचपणें लिहीत आलों आहों. तेव्हां एकदां स्वतःच्या घरची फजितीहि वाचकांपुढें मांडणें न्यायाचेंच होईल.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर रिकामपण खावयास उठूं नये म्हणून आम्ही संस्कृताचे सोपे पाठ लिहीत असूं. संधि, विभक्ति, समास, प्रयोग असे करतां करतां ते ६४ झाले. ते कागद कपाटांतच पिवळे पडावयाचे. परंतु आमच्या वडील बंधूंचा धाकटा मुलगा पुण्यास संगणकाच्या व्यवसायांत आहे, त्यानें ते सर्व टंकून त्यांची एक वेबसाइट करून दिली. ज्या कंपनीच्या यंत्रावर हिच्यासाठीं जागा घेतली आहे तिला वर्षाचें भाडें द्यावें लागतें, आणि तें आमच्या निवृत्तिवेतनांतून जातें. घरांतून या खर्चास प्रथमपासून विरोध होता. "चाळीस मुलें समोर बाकांवर बसत होतीं तीं ऐकत नव्हतीं, आतां न दिसणारीं मुलें घरबसल्या ऐकणार आहेत म्हणे!" हा आमच्या मंडळींचा अभिप्राय.

गेल्या वर्षीं श्रावणांत एके दिवशीं पुतण्याचा फोन आला. "काका, या महिन्यांत तुमच्या पाठांना चार हजारांवर भेटी झाल्या आहेत!" घरांत एकच आनंद झाला. वहिनींनीं त्या दिवशीं नारळीभात केला. आम्हीं मनाशीं हिशेब केला कीं, ३४ वर्षांच्या नोकरींत आमच्याकडे संस्कृत शिकून गेलेले सर्व विद्यार्थी जमेस धरले तरी ती संख्या अडीच हजारांपलीकडे जात नाहीं. आणि येथें एका महिन्यांत चार हजार! मंडळींकडे आम्हीं कोणत्या दृष्टीनें पाहिलें तें येथें सांगत नाहीं. त्याच रात्रीं ६५ वा पाठ लिहावयास घेतला.

आश्विनांत भाड्याच्या कंपनीचें पत्र आलें. आपल्या जागेचा वापर ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला आहे, सबब पुढील वर्षापासून भाडें दुप्पट पडेल, असा त्याचा मतलब. कीर्तीस थोडा खर्च यावयाचाच, अशी आम्हीं मनाची समजूत घातली. दिवाळीस पुतण्या घरीं आला तेव्हां मात्र त्यानें ती नोंदवही उघडून आमच्यापुढें धरली.

ही नोंदवही म्हणजे वाड्याच्या दाराशीं बसलेल्या पहारेकऱ्याची रोजकीर्दच होय. कोणीहि एखादें पान मागितलें कीं यंत्र एक ओळ लिहितें: किती वाजतां, कोणत्या पत्त्यावरून, कोणतें पान, आणि मागणारानें आपलें नांव काय सांगितलें. आम्हीं चष्मा पुसून वाचावयास आरंभ केला. एका रात्रीं २ वाजून ४१ मिनिटांनीं कोणी एक पाहुणा आला होता. त्यानें पहिला पाठ मागितला, लगेच दुसरा, लगेच तिसरा, आणि ४० सेकंदांत चौसष्टहि पाठ नेले. दुसऱ्या रात्रीं तोच पुन्हां आला आणि तेच पाठ पुन्हां घेऊन गेला. दुसरे एक गृहस्थ दर तासाच्या ठोक्याला येऊन केवळ पहिलें पान पाहून परत जात. आणखी कित्येक जण तर अशा एका दाराची कडी वाजवून गेले होते कीं जें दार आमच्या घराला मुळीं नाहींच! त्याचा उलगडा पुतण्यानें केला. 'वर्डप्रेस' या नांवाच्या तयार साधनानें जगांतील फार मोठ्या संख्येनें वेबसाइट बांधलेल्या आहेत आणि त्यांच्या मालकाच्या प्रवेशद्वाराचें नांव ठरलेलें असतें. तेव्हां चोर घर पाहत बसत नाहीं. दिसेल त्या घराशीं जाऊन त्याच नांवाचें दार ढकलून पाहतो. शंभरांत एक उघडें मिळालें तरी त्याचें काम झालें.

"काका, हे बॉट," पुतण्या हळूच म्हणाला.

मनुष्यें किती हें काढण्याची एक रीत त्यानें दाखविली. पहारेकरी प्रत्येक ठोठावणें लिहितो. परंतु पानाच्या आंत एक दुसरी लहानशी घंटा बसवितां येते, कीं जी पान खरोखर एखाद्याच्या ब्राउझरांत उघडल्यावरच वाजते. साधे बॉट कागद उचलून नेतात, तो उघडीत नाहींत. त्यामुळें त्यांची घंटा वाजत नाहीं. ही रीतहि अचूक नव्हे, कारण अलीकडचे चतुर बॉट ब्राउझर सुद्धां चालवितात. तरी अंदाज येतो. चार हजार आणि कांहीं शें यांतून बॉट वजा जातां बाकी राहिली ३१. त्यांत आमच्या स्वतःच्या भेटी किती होत्या, हें त्यानें सौजन्यानें मोजलें नाहीं.

बॉट हें रोबॉट या शब्दाचें शेपूट आहे. रोबॉट हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकांतून जगभर पसरला. तो सुचविला होता त्यांच्या बंधूंनीं, योसेफ यांनीं. चेक भाषेंत 'रोबोता' म्हणजे वेठ. आपली वेठहि संस्कृत 'विष्टि' पासून आलेली असून ती कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत भेटते. यावरून बॉटाला 'वैष्टिक' असा प्रतिशब्द सुचविण्याचा मोह आम्हांस झाला होता. पण पुतण्याच्या चेहऱ्याकडे पाहून आम्हीं तो आवरला. बॉटास हातपाय नसतात, देह नसतो. तो म्हणजे केवळ एक आज्ञावली. समोर मनुष्य बसलेला नसतांहि ती एकामागून एक पानें मागत सुटते.

या जातीचा अगदीं आरंभीचा पुरुष निरुपद्रवी होता. १९९३ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत मॅथ्यू ग्रे या विद्यार्थ्यानें एक 'भटक्या' तयार केला. वेबचा विस्तार किती झाला हें मोजण्यासाठीं तो एका वेबसाइटवरून दुसरीवर हिंडे. गुगलचा शोधक बॉट याच कुळांतला. तो दुव्यावरून दुव्यावर जातो, पानें वाचतो, आणि ग्रंथाच्या शेवटीं शब्दसूची असते तशी सर्व जगाची सूची तयार करितो. तो आपल्या दाराशीं आला नाहीं तर आपलें घर आहे हें कोणाला कळावयाचेंच नाहीं. हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें; आमची खरी फजिती पुढेंच आहे.

परंतु सर्वच कुळ असें सात्त्विक नाहीं. तत्काळ तिकिटांचें उदाहरण आपणां सर्वांच्या जिव्हाळ्याचें आहे. वातानुकूलित वर्गाची विक्री सकाळीं १० वाजतां व इतर वर्गांची ११ वाजतां सुरू होते. आजोबा चष्मा सांवरून प्रवाशांचीं नांवें आणि वयें भरीत असतात. बॉटानें तीं आधींच पाठ केलेलीं असतात व तो एका क्षणांत सर्व भरून मोकळा होतो. रेल्वे मंत्रालयानें २०२५ च्या जून महिन्यांत जाहीर केलें कीं, विक्रीच्या पहिल्या ५ मिनिटांत प्रवेशाचे जे प्रयत्न होतात त्यांपैकीं ५० टक्क्यांपर्यंत बॉटांचे असतात. अडीच कोटींवर संशयित खातीं बंद करण्यांत आलीं. १ जुलै २०२५ पासून तत्काळ तिकिटास आधारची पडताळणी लागूं झाली. आणि अधिकृत दलालांनाहि पहिलीं ३० मिनिटें मज्जाव झाला. ज्याला सुतकांत किंवा परीक्षेसाठीं तांतडीनें जावयाचें असतें त्याच्या हातचें तिकीट एक देहरहित वस्तु हिरावून नेते, हें अमूर्त संकट नव्हे.

जाहिरातींच्या धंद्यांत तर बॉट मनुष्याचें सोंगच घेतो. जाहिरात जितक्या डोळ्यांनीं पाहिली तितके पैसे, असा तेथील व्यवहार. 'मेथबॉट' या नांवानें गाजलेल्या प्रकरणांत भाड्यानें घेतलेले संगणकच प्रेक्षक होऊन बसले होते. ते खोटा माउस हलवीत, चलच्चित्र मध्येंच थांबवीत, आणि आपण फेसबुकवर प्रवेश केलेले सभ्य गृहस्थ आहों असें भासवीत. त्या कटाच्या सूत्रधारास न्यूयॉर्क येथील न्यायालयानें २०२१ सालीं १० वर्षांची शिक्षा दिली. २०१६ सालच्या 'मिराई' नें निराळाच मार्ग धरला. घरोघरच्या कॅमेऱ्यांवर कारखान्यांतून येतांना जो संकेतशब्द घातलेला असतो तो बहुतेक लोक बदलीत नाहींत. अशा सुमारें ६० ठराविक जोड्या लावून पाहत त्यानें असंख्य यंत्रें आपल्या वेठीस धरलीं, आणि त्या वर्षाच्या २१ ऑक्टोबरला त्यांच्या मारानें अमेरिकेंतील मोठमोठ्या वेबसाइट कांहीं तास बंद पाडल्या. आमच्या जिन्यावरच्या कॅमेऱ्याचा संकेतशब्द कोणता आहे, असें पुतण्यानें विचारतां दादांनीं मोठ्या अभिमानानें सांगितलें, "आला तसाच आहे, हात लावलेला नाहीं." तो त्याच संध्याकाळीं बदलला. आपल्या घरीं असा कॅमेरा असल्यास वाचकांनीं हा अंक खालीं ठेवून आधीं तें काम करावें, पुढील मजकूर मागून वाचला तरी चालेल.

मनुष्याचें सोंग घेतलेला ओळखावा कसा, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. वनपर्वांतील नलोपाख्यानांत दमयंतीपुढें पांच नल उभे राहिले. त्यांपैकीं चार देव होते. तिनें देवांचीच प्रार्थना केली तेव्हां त्यांनीं आपलीं लक्षणें प्रकट केलीं. त्यांना घाम नव्हता, त्यांची पापणी लवत नव्हती, माळा कोमेजल्या नव्हत्या, छाया पडत नव्हती, पाय भूमीस टेकत नव्हते. ज्याची माळ कोमेजली होती, अंगावर धूळ आणि घाम होता, तो खरा नल. आजचे संरक्षक नेमकें हेंच पाहतात. मनुष्याचा हात थरथरतो, माउस वांकडातिकडा जातो, तो एका पानावर रेंगाळतो, चुकीचें अक्षर टंकून पुसतो. जो सरळ रेषेंत येतो आणि ठरल्या क्षणीं निघून जातो त्याचा संशय धरावा. भेद इतकाच कीं देवांनीं प्रार्थना ऐकून लक्षणें दाखविलीं. आणि बॉट मात्र दिवसेंदिवस घाम गाळावयास शिकत आहेत.

वेड्यावांकड्या अक्षरांचें तें कोडें वाचकांस परिचित असेलच. कार्नेगी मेलन विद्यापीठांतील लुईस फॉन आन प्रभृति संशोधकांनीं २००३ सालीं त्यास 'कॅप्चा' हें नांव रूढ केलें; त्या नांवांत ॲलन ट्युरिंग यांचें स्मरण आहे, कारण यंत्र मनुष्यासारखें बोलूं लागलें तर ओळखावें कसें याची चर्चा त्यांनीं १९५० सालच्या निबंधांत केली होती. २००७ सालच्या सुधारलेल्या कॅप्चांत एक युक्ति होती. दोन शब्द दाखवीत. एकाचें उत्तर यंत्रास ठाऊक असे, दुसरा जुन्या ग्रंथांतून किंवा वर्तमानपत्रांतून उचललेला आणि यंत्रास न लागलेला. आपण मनुष्य आहों हें सिद्ध करतां करतां लक्षावधि लोकांनीं जुनीं छापील पानें फुकट वाचून दिलीं. वेठ कोणी केली, हें व्युत्पत्तीच्या दृष्टीनें विचार करण्यासारखें आहे.

आतां आमच्या अपराधाकडे वळूं. वेबसाइटच्या दारावर लावावयाची एक पाटी असते. 'रोबॉट्स डॉट टीएक्सटी' हें तिचें नांव. मार्टिन कोस्टर यांनीं ती १९९४ सालीं सुचविली. २०२२ च्या सप्टेंबरांत तिला रीतसर प्रमाणाचें स्वरूप आलें. अमुक बॉटानें अमुक खोलींत येऊं नये, असें तिजवर लिहितां येतें. ही पाटी म्हणजे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरची सोंवळ्याची मर्यादा. ज्याला मर्यादा कळते तो बाहेर थांबतो; चोराला सोंवळें ओंवळें सारखेंच. पाटीला कुलूप नाहीं. उलट 'या खोलींत येऊं नये' असें लिहिलें कीं मौल्यवान वस्तु कोठें आहे हें चोराला आपण होऊन सांगितल्यासारखें होतें.

एवढें समजूनहि आम्हांस राग आला होता. आमच्या नारळीभाताची किंमत आम्हांस कळली होती. पुतण्या म्हणत होता, "काका, जरा सबुरीनें घ्या, निवडून नांवें घालूं." आम्हीं ऐकलें नाहीं. सर्व बॉटांस सर्व खोल्या बंद, अशी दोन ओळींची पाटी आम्हीं हट्टानें लावविली. वर्गांतहि एका मुलाच्या खोडीबद्दल सगळ्या बाकाला उभें करण्याची आमची जुनी खोड आहे. ती निवृत्तीनंतर जात नाहीं.

परिणाम काय झाला? जे पाटी वाचीत ते सज्जन निघून गेले. जे वाचीत नव्हते ते रात्रीं पूर्ववत् येत राहिले. भाडें दुपटीवरून खालीं आलें नाहीं तें नाहींच. आणि गुगलच्या सूचींतून आमचे पाठ हळूहळू खालीं जात माघ महिन्यापर्यंत दिसेनासे झाले.

हें दुःख आमच्या एकट्याचें नव्हे, अशी माहिती पुतण्यानें दिली. विकिपीडिया चालविणाऱ्या विकिमीडिया संस्थेनें २०२५ च्या एप्रिलांत सांगितलें कीं, २०२४ च्या जानेवारीपासून चित्रें व चलच्चित्रें उतरवून घेण्याचा भार ५० टक्क्यांनीं वाढला आहे. तेथें पानें पाहणारांत बॉट सुमारें ३५ टक्के. परंतु सर्वांत खर्चिक मागण्यांपैकीं ६५ टक्के त्यांच्या. कारण मनुष्य बहुधा लोकप्रिय पानें मागतो, आणि त्यांच्या प्रती जवळच तयार ठेवलेल्या असतात. बॉट मात्र कोनाकोपऱ्यांतलीं पानेंहि मागतो, आणि तीं दरवेळीं मूळ कोठारांतून काढावीं लागतात. २००३ सालापासून अनेक हातांनीं उभा राहिलेला मराठी विकिपीडियाहि याच कोठारांतला. हे संग्राहक बहुतांशीं कृत्रिम बुद्धीच्या यंत्रांसाठीं मजकूर गोळा करितात. जगांतील एकूण रहदारींपैकीं २०२४ सालीं ५१ टक्के रहदारी स्वयंचलित होती व ३७ टक्के दुष्ट बॉटांची होती, असें इम्पर्व्हा या सुरक्षा-कंपनीचा २०२५ चा अहवाल सांगतो. कुलपें विकणारानें चोरांची गणती केली आहे, हें लक्षांत घेऊन आम्ही तो आंकडा वाचतों.

दादांचें मत आमच्याहून निराळें पडलें. "विद्या नेली तर नेली. उद्यां एखादें पोर त्या यंत्राला विभक्ति विचारील, आणि तुझाच पाठ त्याच्या तोंडून ऐकेल. तुला नांव पाहिजे आहे कीं विद्या पसरावयास पाहिजे आहे?" आम्हीं म्हटलें कीं, गुरूकडे येणारानें निदान नांव सांगावें, समिधा आणाव्या. वाद जेवणापर्यंत चालला आणि अनिर्णीत राहिला.

फाल्गुनांत या मासिकाच्या कचेरीमार्फत आम्हांस एक पत्र आलें. अक्षर वळणदार, शाईचें. लिहिणाऱ्या भगिनी सांगलीकडील असून वय ७१. यजमान गेल्यावर त्यांनीं संस्कृत शिकावयास घेतलें होतें. नातीनें फोनवर आमचे पाठ शोधून दिले. त्या रोज दुपारीं एक पाठ वहींत उतरवून घेत. २९ पाठ झाले. नंतर नात परगांवीं गेली, फोन बदलला, आणि आतां कितीहि शोधलें तरी पाठ सांपडत नाहींत. "आपण ते काढून टाकले काय? माझ्या वयाला आतां दुसरा गुरु शोधणें होणार नाहीं," असें त्यांनीं लिहिलें होतें. खालीं ताजा कलम होता. २७ व्या पाठांत ऋकारान्त नामें चालविलीं आहेत, त्यांत 'पितृ' शब्दाचें प्रथमेचें द्विवचन 'पितारौ' असें दिलें आहे; तें 'पितरौ' नको काय?

आम्हीं उठून पाठ काढला. 'कर्तारौ' च्या ओघांत लेखणी घसरली होती. 'पितारौ' च लिहिलें होतें, आणि ३४ वर्षें ज्या चुकीबद्दल आम्हीं मुलांच्या वह्यांवर तांबड्या रेघा ओढल्या तीच चूक जगापुढें वर्षभर टांगलेली होती. श्रावणांतील चार हजार पाहुण्यांनीं तो पाठ कितीदां तरी नेला होता. त्यांपैकीं एकानेंहि कांहीं म्हटलें नव्हतें. ते तो शब्द तसाच घेऊन गेले आहेत, आणि कोठल्या कोठारांत तो पडला असेल हें आतां आम्हांस कळावयाचें नाहीं. दादांस हें सांगितलें तेव्हां ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

त्याच संध्याकाळीं पुतण्यास फोन करून क्षमा मागितली. "काका, आधीं २७ वा पाठ दुरुस्त करूं," एवढेंच तो म्हणाला. मग त्यानें पाटी नवी लिहिली. शोधक बॉटांस आंत येण्यास मोकळीक. आणि कोणी गुगलचें नांव केवळ सांगत असेल तर त्याचा पत्ता उलट तपासून पाहण्याची सोय. कृत्रिम बुद्धीसाठीं संग्रह करणारांपैकीं जे आपलें नांव जाहीर करितात त्यांना नांवानिशीं मनाई. ओपनएआय कंपनीनें २०२३ च्या ऑगस्टांत आपल्या 'जीपीटीबॉट' चें नांव देऊन अशी मनाई करण्याची रीत सांगितली होती. आणि पाटी न वाचणारांसाठीं खरोखरीचा अडसर: एका पत्त्यावरून एका मिनिटांत ठराविक संख्येहून अधिक पानें मागितलीं कीं दार कांहीं काळ बंद. पुढील महिन्याच्या वापराचा आंकडा मर्यादेच्या आंत आला. शोधसूचींत पाठ पुन्हां दिसूं लागावयास मात्र कित्येक आठवडे गेले.

तोंपर्यंत सांगलीच्या बाईंना थांबवून ठेवणें योग्य नव्हतें. ३० पासून ६४ पर्यंतचे पाठ कागदावर छापून घेतले, २७ व्या पाठाची दुरुस्त प्रत वर ठेवली, आणि स्पीड पोस्टानें पाठविले. टपालखर्चाविषयीं आमच्या मंडळींनीं कांहीं म्हटलें नाहीं. पाकीट त्यांनींच चिकटविलें.